बागेतल्या रेल्वेसाठी स्प्रिंगचा सांधा: एलजीबीच्या हातसांध्याचे परीक्षण

एलजीबी ही बागेत चालवायच्या छोट्या गाड्यांची जर्मन मालिका आणि सांधा म्हणजे गाडीला एका रुळावरून दोन वाटांपैकी एकीवर वळवणारा जोड. एलजीबीचा हाताने बदलायचा सांधा दिसायला अगदी साधा आहे. तीस सेंटिमीटर लांबीचा सरळ रूळ, त्यातून ३० अंशांनी फुटणारी दुसरी वाट, दोन पाती (वाट ठरवणारी रुळांची सरकती टोके), त्या पात्यांना जोडणारी एक आडवी पट्टी आणि बाजूला स्क्रूने बसवलेली प्लास्टिकची एक छोटी पेटी, एवढेच त्याचे भाग. उजव्या सांध्याचा क्रमांक १२००० आणि डाव्याचा १२१००. यात मोटर नाही आणि तारही नाही. पेटीवरची खुंटी सरकवली की पाती दुसऱ्या बाजूला जातात आणि पेटीतली स्प्रिंग त्यांना तिथे दाबून धरते. गाडी दोन वाटांच्या बाजूने येऊन एका रुळावर जात असेल, तर तिची चाके पात्यांना ढकलून आपली वाट करून घेतात आणि ती गेल्यावर स्प्रिंग पात्यांना पुन्हा मूळ जागी आणते. हा सांधा विकत घ्यावा तो याच गुणासाठी, असे माझे मत आहे. आणि नेमक्या याच गुणाची निगा बहुतेक जण उलट्या दिशेने राखतात, म्हणून हे परीक्षण थोडे लांबणार आहे.

आपल्याकडे छोट्या रेल्वेची आवड असलेल्या बहुतेकांची सुरुवात पुण्यात कोथरूडच्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयापासून होते. ती रेल्वे घरातली, छपराखालची. बागेतली रेल्वे हे वेगळे प्रकरण आहे, कारण तिथे रुळांवर ऊन, पाऊस, बर्फ, पाला आणि मुंग्या या सर्वांचा हक्क असतो. अर्न्स्ट पॉल लेहमान या १८८१ साली स्थापन झालेल्या खेळणी बनवणाऱ्या जर्मन कंपनीने १९६८ मध्ये एलजीबी ही मालिका आणली, ती मुळातच बाहेर चालावी या हेतूने. रुळांमधले अंतर ४५ मिमी, प्रमाण १:२२.५, म्हणजे मीटरगेज गाड्यांची ही प्रतिकृती होय. रूळ भरीव पितळेचे आणि ८.४ मिमी उंचीचे आहेत. चुकून कुणाचा पाय पडला तरी ते वाकत नाहीत. २००६ मध्ये लेहमान कंपनी दिवाळखोरीत गेली आणि पुढच्या वर्षी मेर्कलिनने ही मालिका ताब्यात घेतली, परंतु रुळांचे माप तेच राहिले. त्यामुळे जुन्या बाजारात मिळणारे रूळ नव्या रुळांना आजही जोडता येतात. दक्षिण जर्मनीत राहणाऱ्या आमच्यासारख्यांना हा जुना बाजार हाताशी असतो आणि माझे निम्मे सांधे तिथूनच आलेले आहेत.

स्प्रिंगच्या सांध्याचा खरा उपयोग क्रॉसिंगच्या स्थानकात दिसतो. एकेरी मार्गावर दोन गाड्यांनी एकमेकींना ओलांडायचे असेल, तर स्थानकाच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा लागतो. दोन्ही सांधे येणाऱ्या गाडीला तिच्या डाव्या हाताच्या रुळावर घेतील असे लावून ठेवले, तर दोन्हीकडून येणाऱ्या गाड्या आपापल्या वाटेला जातात आणि बाहेर पडताना समोरचा सांधा स्वतःच ढकलून पुढे सरकतात. सांधेवाला नको, वीज नको, संगणक नको. (जर्मनीत गाड्या उजवीकडून जातात. आमच्या बागेत त्या भारतातल्याप्रमाणे डावीकडून जातात आणि शेजारचे निवृत्त गृहस्थ दर उन्हाळ्यात त्यावर हरकत घेतात.) दुसरा उपयोग मार्गाच्या टोकाला गाडी फिरवणाऱ्या वळशाचा. तिथे गाडी नेहमी एकाच बाजूने वळशात शिरते आणि सांध्याला ढकलून बाहेर पडते. रुळांतून वीज घेणाऱ्यांना इथे दोन ध्रुवांचा शॉर्ट टाळण्यासाठी वळशाचे खास विलग केलेले रूळ घ्यावे लागतात. बॅटरीवर किंवा वाफेवर गाड्या चालवणाऱ्यांना ती कटकट नाही.

ही युक्ती खेळण्यापुरती नाही. जर्मनीतल्या कमी वर्दळीच्या मार्गांवर आणि स्कॉटलंडच्या वेस्ट हायलँड मार्गावर गाडीनेच ढकलायचे असे सांधे आहेत; वेल्समधल्या वेल्श हायलँड या अरुंद रुळांच्या रेल्वेतही क्रॉसिंगच्या स्थानकांत तेच आढळतात. मात्र खऱ्या सांध्यात स्प्रिंगच्या किंवा दाबाखालच्या वायूच्या जोडीला हालचाल मंदावणारा तेलाचा दमनक असतो. त्यामुळे पहिल्या चाकाने ढकललेली पाती प्रत्येक आसामागे फटकन परत येत नाहीत. संपूर्ण गाडी जाईपर्यंत ती हळूहळू सरकत राहतात आणि मग मिटतात. शिवाय पाती पूर्ण मिटली आहेत की नाही, हे चालकाला दाखवणारा निदर्शक मार्गाच्या कडेला असतो. एलजीबीच्या पेटीत यांतले काहीच नाही. सहा आसांची गाडी गेली की पाती सहा वेळा उघडतात आणि सहा वेळा आपटतात, आणि शेवटी ती नीट मिटली की नाही हे आपणच वाकून पाहायचे असते. या पेटीच्या निगेचे सारे शास्त्र या दोन उणिवांतून येते.

पाती नीट मिटत नाहीत, पुढची गाडी समोरून, म्हणजे एका रुळाच्या बाजूने, आली आणि तिचे एक चाक एका वाटेला व दुसरे दुसऱ्या वाटेला गेले, की सर्वसाधारण माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो स्प्रिंग सैल झाल्याचा. मग तो अधिक ताठ स्प्रिंग बसवतो. मला हा उपाय घातक वाटतो. या सांध्याची स्प्रिंग मऊ आहे आणि ती तशीच असायला हवी, कारण तिला ढकलणारी वस्तू म्हणजे रिकाम्या मालडब्याचे एक हलके चाक. स्प्रिंग ताठ झाली की चाक पात्याला ढकलण्याऐवजी त्याच्यावर चढते. डबा एका बाजूला उचलला जातो आणि रुळावरून उतरतो. म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीचा दोष काढण्यासाठी आपण मागून, म्हणजे दोन वाटांच्या बाजूने, येणारी गाडी पाडतो.

किती ताठ म्हणजे फार ताठ, याचा अंदाज नुसत्या नजरेने येत नाही. सारख्याच घडणीच्या स्प्रिंगमध्ये ताठपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. ०.६ मिमीच्या तारेऐवजी ०.८ मिमीची तार घेतली, तर डोळ्यांना फरक जेमतेम दिसतो, पण जोर तिपटीहून अधिक होतो. एका ऑनलाइन दुकानाने ‘बागेसाठी खास मजबूत’ म्हणून पाठवलेल्या बदली स्प्रिंगची तार अशीच किंचित जाड होती. ती बसवल्यावर इंजिन निर्वेध गेले, मागचे दोनआसी डबे मात्र ओळीने पात्यावर चढले. ज्यांच्या सांध्याला अशी पेटी नाही आणि जे आडव्या पट्टीला सरळ तारेची स्प्रिंग लावून काम भागवतात, त्यांनीही हा हिशेब लक्षात ठेवावा. एका टोकाला घट्ट धरलेल्या तारेचा ताठपणा तिच्या लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे लांबी दुप्पट केली की जोर आठव्या भागावर येतो. तार बदलण्यापेक्षा तिची लांबी कमी-जास्त करणे सोपे पडते आणि हवा तेवढा जोर त्यातून नेमका साधता येतो. तार मात्र स्टेनलेस स्प्रिंगचीच घ्यावी, कारण पियानोची तार उघड्यावर गंजते.

तर मग पाती मिटत का नाहीत? घर्षणामुळे. मऊ स्प्रिंगला जेवढे काम करता येते, तेवढ्यात पाती, आडवी पट्टी आणि पेटीतली सरकपट्टी या तिघींची हालचाल बसायला हवी. यांपैकी एकीनेही वाटेत जोर खाल्ला की शेवटचा अर्धा मिलिमीटर राहून जातो, आणि चाकाच्या कडेला आत शिरायला तेवढी फट पुरते. म्हणून या सांध्याची निगा म्हणजे स्प्रिंगची निगा नव्हे. ती सरकण्याच्या जागांची निगा आहे.

हिवाळा संपल्यावर पेटीचे दोन स्क्रू काढून ती सांध्यापासून सोडवावी आणि पांढऱ्या कागदावर उलटी धरून बोटाने ठोकावी. आमच्याकडे कागदावर जे पडते ते साधारण असे असते: मुंग्यांनी रचलेली अगदी बारीक, सुटी माती, पाइनच्या पानांच्या सुईएवढ्या काड्या, गोगलगायीचा वाळून पत्र्यासारखा झालेला चिकट पापुद्रा, आणि आदल्या वर्षीच्या तेलात भिजून काळी झालेली धूळ. यांतली कोरडी माती धोकादायक नसते, ती ठोकल्यावर निघते. खरा शत्रू तेलकट काळा थर. तो सरकपट्टीच्या खोबणीत बसतो, उन्हात मऊ राहतो आणि थंडीत घट्ट होतो. परिणामी दुपारी बिनतक्रार चालणारा सांधा संध्याकाळी अडतो आणि मालकाला वाटते की स्प्रिंग लहरी आहे.

पेटी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घालून जुन्या दात घासायच्या ब्रशने धुवावी. प्लास्टिकला पेट्रोल किंवा थिनर लावू नये. धुतल्यावर सावलीत पूर्ण वाळवावी, कारण खोबणीत राहिलेले पाणी पहिल्या हिमरात्री गोठते आणि पट्टी जागच्या जागी पकडते. स्प्रिंगवर गंज दिसला तर ती बदलावी, ताणून सरळ करण्याच्या फंदात पडू नये. वंगणाबाबत मतभेद आहेत. माझा अनुभव असा की बागेत ओले तेल कमीत कमी असलेले बरे. प्लास्टिकला चालणारा, वाळून कोरडा थर मागे ठेवणारा टेफ्लॉनचा फवारा पुरतो. कोरडी ग्रॅफाइट पूडही उत्तम सरकते, पण ती वीजवाहक आहे. त्यामुळे रुळांतून वीज घेणाऱ्यांनी ती दोन रूळ जिथे जवळ येतात तिथे मुळीच टाकू नये. घराघरांत असणारा गंज सोडवणारा फवारा अडकलेला स्क्रू काढायला चांगला आहे. सांध्यावर तो मारला तर आठवडाभर सांधा लोण्यासारखा चालतो आणि नंतर त्या थरावर सगळी धूळ येऊन बसते.

पेटी स्वच्छ झाली तरी अर्धेच काम झाले. उरलेला दोष बहुधा जमिनीत असतो. रुळांखाली पसरलेल्या बारीक खडीचा एक दाणा पाते आणि बाहेरचा रूळ यांच्यामध्ये पडला की सांधा मिटत नाही, आणि दोन-तीन मिलिमीटरचा दाणा त्या फटीत असा चपखल बसतो की उभ्याने पाहून तो दिसतच नाही. आडव्या पट्टीखाली आणि पात्यांच्या टोकांभोवती खडी घालूच नये, हे सर्वांत सोपे. तेवढी जागा दिसायला उघडी राहते, पण तिथे पाणीही साचत नाही. मी प्रत्येक सांधा सिमेंटच्या फरशीवर ठेवतो आणि पेटीखाली पाणी जायला वाट सोडतो. फरशी सपाट असणे अत्यावश्यक, कारण सांध्याला किंचित पीळ पडला तरी पाते स्लीपरवर घासते आणि पुन्हा तेच घर्षण उभे राहते.

पीळ पडण्याचे दुसरे कारण ऊन. पितळ एका अंशाला दर मीटरमागे सुमारे ०.०१९ मिमी वाढते. हिवाळ्यातल्या उणे १० अंशांपासून उन्हात तापलेल्या रुळाच्या ५० अंशांपर्यंत हिशेब केला, तर दहा मीटरचा सरळ रूळ ११ मिमीहून अधिक लांब होतो. ही लांबी कुठेतरी जायलाच हवी. दोन्ही बाजूंनी रूळ स्क्रूने घट्ट बांधले असतील तर ती मधल्या सर्वांत दुबळ्या जागेला वाकवते, आणि ती जागा बहुधा सांधा असते. दुपारी दोन वाजता गाडी सांध्यावर पडते आणि सकाळी पडत नाही, अशी तक्रार असेल तर स्प्रिंगकडे पाहू नये. जवळच्या जोडपट्ट्यांत रूळ सरकायला फट आहे का ते पाहावे. सांधा फरशीला एकाच ठिकाणी धरावा आणि बाकीचा मोकळा सोडावा.

सांधा ठीक आहे की नाही, हे तपासायला उपकरणे लागत नाहीत. वर्तमानपत्राच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापून ती पात्याच्या टोकाशी, पाते आणि बाहेरचा रूळ यांच्यामध्ये धरावी आणि खुंटी सरकवून पाते मिटवावे. कागद ओढल्यावर अडला पाहिजे. सहज निघून आला तर पाते टेकलेले नाही. ही परीक्षा दोन्ही बाजूंना करावी, कारण पुष्कळदा एका बाजूला सांधा उत्तम मिटतो आणि दुसऱ्या बाजूला कागद सुळकन बाहेर येतो. त्यानंतर आपल्याकडचा सर्वांत हलका डबा घ्यावा, आत काही न ठेवता, आणि तो मागच्या बाजूने बोटाने अगदी सावकाश ढकलावा. इंजिनाने परीक्षा घेऊ नये, कारण त्याच्या वजनापुढे बिघडलेला सांधाही निमूट वाट देतो. पहिले चाक पात्यापाशी आल्यावर डोळा चाकाच्या कडेवर ठेवावा: पाते बाजूला सरकते आहे की चाक वर उचलले जाते आहे, हे तिथे स्पष्ट दिसते. आस पुढे गेला की पाते परत येताना एकच कोरडा ‘टक्’ आवाज यावा. आवाज मऊ आला, किंवा आलाच नाही, तर वाटेत काहीतरी घासते आहे.

चाकांकडेही पाहावे. एकाच आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमध्ये सुमारे ४० मिमी अंतर असायला हवे. जुन्या प्लास्टिकच्या चाकांमध्ये ते आसावर सरकून कमी-जास्त होते आणि असा एक डबा संपूर्ण गाडीत नेमका सांध्यावर पडत राहतो. दोष डब्याचा आणि बोल सांध्याला. या मालिकेत धातूची चाकेही मिळतात. ती जड असल्याने डब्याचा भार तळाशी येतो, आणि मऊ स्प्रिंगला ढकलायला तेवढी मदत पुरते. माझ्या मते सांध्यावर पैसे खर्च करण्याआधी चाकांवर करावेत.

झिजेबद्दल थोडेसे. पाती प्रत्येक आसामागे आपटत असल्याने आडव्या पट्टीतली छिद्रे कालांतराने मोठी होतात, आणि मग खुंटी पूर्ण सरकली तरी पाते पूर्ण सरकत नाही. दोन वाटा जिथे एकमेकींना छेदतात तो भाग प्लास्टिकचा आहे. चाकांच्या कडांनी त्याचा तळही खोल होत जातो आणि डबे तिथे खाली बसल्यासारखे आदळतात. त्यावर पातळ प्लास्टिकची पट्टी तळाशी चिकटवणे हा जुना आणि पुरेसा उपाय आहे. आडव्या पट्टीला मात्र उपाय नाही, ती बदलावीच लागते. म्हणूनच जुना सांधा घेताना रुळांचा रंग पाहू नये. पाते दोन बोटांत धरून हलवावे, आणि ढिलाई जाणवली तर तो खाली ठेवावा.

आता या सांध्याचे दोष. वळणाची त्रिज्या अवघी ६० सेंटिमीटर आहे. १:२२.५ या प्रमाणाने खऱ्या जगात ती साडेतेरा मीटर होते, आणि एवढ्या तीव्र वळणाचा सांधा कोणत्याही मीटरगेज रेल्वेच्या मुख्य मार्गावर सापडणार नाही. एलजीबीची बहुतेक इंजिने त्यावरून जातात हे खरे, परंतु लांब प्रवासी डबे वळताना बाहेर झुकलेले दिसतात आणि मागून येताना त्यांची चाके पात्याला तिरकी भिडतात. स्प्रिंगचा सांधा म्हणून वापरायचा असेल तर हा तिरकसपणा त्रासदायक ठरतो. याच मालिकेतले ११९.५ सेंटिमीटर त्रिज्येचे, २२.५ अंशांचे सांधे डोळ्यांना आणि चाकांना दोघांनाही अधिक सुखावणारे आहेत. जागा आणि पैसे असतील त्यांनी मुख्य मार्गावर तेच घालावेत आणि १२०००चा वापर शेडमध्ये किंवा छोट्या बागेत करावा.

दुसरा दोष वापराचा आहे, बनावटीचा नाही. पण नवख्यांना तो कुणी सांगत नाही. गाडी सांध्याला ढकलून अर्धी पुढे गेली असताना तिला थांबवून मागे घेऊ नये. पुढे गेलेल्या डब्यांमागे पाती मूळ बाजूला मिटलेली असतात, त्यामुळे ते डबे मागे येताना दुसऱ्या वाटेला लागतात आणि उरलेली गाडी पहिल्या वाटेवर राहते. मधला डबा आडवा होतो. मुलांच्या हातात नियंत्रक देण्यापूर्वी त्यांना हे एकदा करून दाखवावे, म्हणजे ते पुन्हा करत नाहीत. किंवा दिवसभर तेच करत बसतात.

वाफेच्या इंजिनांच्या मालकांना एक सूचना. सिलिंडरमधून बाहेर पडणारे तेल आणि पाणी रुळांवर सांडते, आणि गाडी सुरू होण्यापूर्वी जिथे थांबते तिथे सर्वाधिक सांडते. क्रॉसिंगच्या स्थानकात ती जागा सांध्यालगत येत असेल तर काळा थर वर्षभराऐवजी महिन्याभरात साचतो. गाडी थांबवण्याची जागा डबाभर मागे घेतली तरी पुष्कळ फरक पडतो. हिवाळ्यात गाड्या चालवणार नसाल तर पेट्या सोडवून घरात आणून ठेवाव्यात. रूळ आणि स्लीपर बाहेर राहायला काही हरकत नाही. पेटी परत बसवताना दोन्ही स्क्रू सारखे आणि हलक्या हाताने आवळावेत, कारण ते फार आवळले तर पेटीचे झाकण दबते, सरकपट्टी आतल्या आत घासू लागते, आणि कागदाची पट्टी पुन्हा सुळकन बाहेर येते.